निवाड्यापूर्वींचें काम

आपल्या घरांतील मुलगा शिकला म्हणजे वकील, मामलेदार किंवा शाळामास्तर व्हावयाचा, असा एके काळीं जणूं नेमच होता. तो नेम आतां पार मोडला आहे. आज पुष्कळ घरांतून एखादा मुलगा, आणि तितक्याच सहजपणें एखादी मुलगी किंवा सूनहि, यंत्रविद्येची पदवी घेऊन कारखान्यांत अधिकाराच्या जागीं बसते. पहिलीं दोन-तीन वर्षें यंत्रांशीं ओळख करून घेण्यांत जातात. मग एके दिवशीं पन्नास-साठ माणसें हाताखालीं येतात, आणि तेथून खरी परीक्षा सुरू होते. यंत्र बिघडलें तर तें कोठें बिघडलें हें पुस्तक सांगतें. माणसांचें बिनसलें तर तें कोठें बिनसलें हें सांगणारें पुस्तक कॉलेजांत कोणीं लावलेलें नसतें. दोन पाळ्यांतील माणसें एकमेकांशीं बोलत नाहींत, दुरुस्तीखातें उत्पादनखात्याकडे बोट दाखवितें, नगावारी मजुरीवर काम करणारे दर परवडत नाहीं म्हणतात, आणि ह्या सर्वांचा निवाडा करण्याचें काम कालपरवां कॉलेजांतून बाहेर पडलेल्या ह्या तरुणाच्या गळ्यांत येऊन पडतें. हा निवाडा त्यानें कसा करावा, ह्याविषयीं ह्या महिन्यांत चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या मुलास भांडण मिटविण्याची विद्या घरींच मिळालेली असते, असें पुष्कळांस वाटतें. त्यांत थोडें तथ्य आहे. दहा-बारा माणसांच्या घरांत रोज कांहीं ना कांहीं कुरबूर होतच असते, आणि तरीहि रात्रीं पंगत एकच बसते. परंतु घरचा कर्ता पुरुष निवाडा करतो तो वयाच्या मानानें व नात्याच्या जोरावर. कारखान्यांत हीं दोन्ही बळें नसतात. तेथें निवाडा करणारा पंचविशींतला आणि ज्याचा निवाडा करावयाचा तो पन्नाशीचा फिटर, असा उलटा प्रकार फार आढळतो. 'मी सांगतों म्हणून ऐका' हें वाक्य तेथें एकदां चालतें. दुसऱ्या खेपेस चालत नाहीं. मग घरच्या शिकवणींतलें काय उपयोगीं पडावें? आमच्या मतें एकच गोष्ट. घरच्या वडिलांचा शब्द मानला जातो त्याचें खरें कारण त्यांचें वय नव्हे; तेहि त्याच भांड्यांतलें जेवतात, हें होय. ओढगस्तीच्या दिवसांत सर्वांच्या ताटांत कोरडी भाकरी आली तर त्यांच्याहि ताटांत कोरडीच येते. ज्या घरांत वडील स्वतःपुरतें तूप निराळें ठेवतात, त्या घरांत त्यांच्या निवाड्यास समोर सारे मान डोलावितात आणि पाठीमागें हंसतात.

ह्याच तत्त्वाचा उद्योगाच्या क्षेत्रांत झालेला एक प्रयोग आपल्या विदर्भांतच, वर्धा शहरास लागून असलेल्या नालवाडींत घडला आहे. १९३२ च्या अखेरीस विनोबा भावे तेथें राहावयास गेले. वस्ती बहुतेक सारी त्या काळीं अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांची. १९३४ सालीं ग्रामसेवा मंडळाची स्थापना झाली, आणि सूत, खादी, मेलेल्या गुरांचें कातडें कमावणें अशा उद्योगांना तेथें आकार येऊं लागला.

सूत कातणारीस किती मजुरी द्यावी हा खादीच्या कामांतला जुना वाद होता. खादी आधींच गिरणीच्या कापडाहून महाग. मजुरी वाढवावी तर ती आणखी महाग होऊन पडून राहणार. न वाढवावी तर कातणारीच्या पोटाला कांहीं नाहीं. दोन्ही बाजूंचीं कारणें खरींच होतीं, आणि म्हणूनच वाद सुटत नव्हता. विनोबांनीं १ सप्टेंबर १९३५ पासून निराळाच मार्ग धरला. कातणारास जो दर मिळे त्याच दरानें आपण सूत कातावयाचें, आणि त्या मजुरीशींच आपल्या निर्वाहाचा हिशेब जोडावयाचा, असा त्यांनीं नेम केला. रोज चार गुंड्या सूत काढण्यास त्यांस आठ-नऊ तास लागत, आणि त्याचे पैसे होत सुमारें दोन आणे.

हा आंकडा वाचकांनीं जरा थांबून पाहावा. दिवसाचे दोन आणे म्हणजे तीस दिवसांचे पावणेचार रुपये. विनोबांच्या हिशेबानें साध्या निर्वाहाला रोज आठ आणे हवे होते. विनोबा कांहीं ह्या कामांत नवशिके नव्हते. चरख्याचे आणि टकळीचे प्रयोग त्यांनीं वर्षानुवर्षें केले होते. तेव्हां 'हात बसलेला नाहीं', 'मन लावून काम करीत नाहींत', 'मध्येंच गप्पा मारतात' हीं जीं कारणें कचेरींत बसून सहज सुचतात, त्यांपैकीं एकालाहि येथें जागा उरली नाहीं. कुशल माणसानें दिवसभर प्रामाणिकपणें काम केलें तरी त्याचें पोट भरत नाहीं, एवढीच गोष्ट शिल्लक राहिली. गांधींना ही हकीकत कळली तेव्हां त्यांस फार वाईट वाटलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत अखिल भारत चरखा संघाच्या कार्यकारी मंडळानें वर्ध्यास ठराव केला कीं, कातणारास आठ तासांच्या चांगल्या कामाबद्दल निदान पुरेसें अन्न आणि वर्षाला वीस वार कापड मिळेल इतकी मजुरी असली पाहिजे. हा ठराव एकट्या नालवाडीमुळें झाला असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्यानें स्वतः चार गुंड्या कातल्या त्याच्यासमोर 'हे लोक कामचुकार आहेत' असें म्हणण्याची सोय कोणास राहिली नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

आमचें सारें सांगणें ह्यांतच आहे. ज्या कामावरून भांडण लागलें तें काम निवाडा करणारानें आधीं स्वतः करून पाहावें. कारखान्याच्या तरुण कारभाऱ्यानें मजुरीवर उपाशी राहावें असें कोणीं म्हणणार नाहीं. पण एक पूर्ण पाळी त्या यंत्रापाशीं उभें राहणें त्याच्या आवांक्यांतलें आहे.

उदाहरणादाखल नगावारी मजुरीचा तंटा घ्या. कचेरींत हिशेब होतो: एका नगास तीन मिनिटें, कामाचे निव्वळ आठ तास, म्हणजे ४८० मिनिटें; तेव्हां १६० नग झालेच पाहिजेत. प्रत्यक्षांत होतात १३६. कचेरी म्हणते २४ नगांची चोरी आहे. कामगार म्हणतात दरच खोटा आहे. आतां कारभारी स्वतः यंत्रावर उभा राहतो. सकाळीं यंत्र पुसून तेल घालण्यांत २० मिनिटें जातात. कच्चा माल आणणारी गाडी दोनदां अडते, तिची वाट पाहण्यांत ३०. हत्यार बोथट होतें, तें बदलण्यांत आणखी २०. हीं ७० मिनिटें कोणाच्याच कागदावर नव्हतीं. उरलेल्या ४१० मिनिटांत तीन-तीन मिनिटांचे १३६ नगच व्हावयाचे. म्हणजे कचेरीचा गुणाकारहि बरोबर आणि कामगारहि खरे! भांडण माणसांचें नव्हतेंच. तें माल आणणाऱ्या गाडीचें होतें. गाडी वेळेवर आली कीं अर्धा तंटा आपोआप मिटतो. उलट, कधीं असेंहि निघतें कीं गाडी वेळेवर येते, हत्यारहि धड आहे, आणि खरोखरच कोणीतरी काम चुकवीत आहे. मग त्याला तसें सांगण्याचा अधिकारहि स्वतः पाळी केलेल्या माणसासच येतो, आणि त्याचें सांगणें ऐकून घेतलें जातें.

मात्र ह्या उपायाची मर्यादाहि ओळखून असावें. दुःख कळलें म्हणजे तें दूर झालें असें नव्हे. आठ तासांस आठ आणे मिळावेत अशी गांधींची इच्छा होती. चरखा संघाच्या व्यवहारांत आरंभ झाला तो तीन आण्यांपासून. कारण वाढविलेली मजुरी शेवटीं खादी घेणाऱ्याच्या खिशांतून यावयाची होती, आणि तो खिसा अमर्याद नव्हता. प्रत्येक तंट्यांत हा तिसरा माणूस असतो; तो बैठकींत हजर नसतो इतकेंच. कारभाऱ्यानें कामगारास भाबडेपणानें वचन देऊन टाकलें आणि तें पुरें करण्यास पैसा कोठून येणार ह्याचा विचार केला नाहीं, तर सहा महिन्यांनीं तोच तंटा दुप्पट कडू होऊन परत येतो. म्हणून हिशेब दोन्ही बाजूंसमोर उघडा मांडावा. 'देतां येत नाहीं' असें म्हणावयाचें असेल तर कां देतां येत नाहीं हें आंकड्यांनीं दाखवावें. माणूस नकार सोसतो. लपवाछपवी सोसत नाहीं.

नालवाडीची दुसरी गोष्ट चर्मालयाची. मेलेल्या गुरांचें कातडें सोलणें, तें कमावणें, त्याच्या वस्तु करणें हें काम तेथें गोपाळराव वाळुंजकरांसारख्या सुशिक्षित कार्यकर्त्यांनीं हातीं घेतलें. पिढ्यान्‌पिढ्या एका समाजाच्या माथीं मारलेलें आणि त्याबद्दल त्यालाच दूर ठेवलेलें तें काम. त्याचा वास कसा असतो, चुन्याच्या पाण्यानें हात कसे फुटतात, हें पुस्तकावरून समजणारें नाहीं. आपल्यासारख्या घरांत तर अशा कामाला हात न लागणें हीच एके काळीं प्रतिष्ठा समजली जात होती. हा संस्कार गेला असें आपण म्हणतों. परंतु कारखान्यांतहि भट्टी, मुलामा देण्याचा विभाग, सांडपाण्याची टाकी अशा जागा असतात. तेथें साहेबांचे पाय महिन्या-महिन्यांत लागत नाहींत. त्या विभागाच्या तक्रारी हातमोजे, साबण, पिण्याचें पाणी अशा किरकोळ दिसतात. त्या मिटविल्या तरी पुन्हा नवी निघते. कारण तक्रार साबणाची नसतेच. आपल्याकडे कोणी फिरकत नाहीं, आपलें नांव कोणाला ठाऊक नाहीं, ही असते. नुकसान आणि अपमान हे दोन निराळे हिशेब आहेत. नुकसान पैशानें भरून निघतें. अपमान तेथें जाऊन उभें राहिल्यानेंच भरून निघतो. बोलावून आणून खुर्ची दिल्यानें तो भरत नाहीं.

निवाड्याचा आंकडा ठरला तरी तो दोन्ही बाजूंस मान खालीं न घालतां घेतां आला पाहिजे. ह्याचा सुंदर नमुना अहमदाबादेस सांपडतो. १९१८ सालीं तेथील गिरण्यांत प्लेगच्या दिवसांतला बोनस बंद करण्यावरून तंटा लागला. कामगार पगारावर शेंकडा ५० वाढ मागत होते, मालक २० देत होते. गांधींनीं चौकशी करून ३५ हा आंकडा रास्त ठरविला. मालकांच्या बाजूस अंबालाल साराभाई, आणि कामगारांच्या बाजूस त्यांच्याच भगिनी अनसूयाबेन. एकत्र कुटुंबांतील वाचकांस ह्या स्थितीची कल्पना सहज येईल! २२ फेब्रुवारीस टाळेबंदी झाली. १५ मार्चास गांधींनीं उपास आरंभिला. १८ मार्चास तडजोड झाली. ३५ वांचून कामावर जाणार नाहीं अशी कामगारांची प्रतिज्ञा होती, आणि २० च्या वर जाणार नाहीं असा मालकांचा हट्ट. तेव्हां पहिल्या दिवशीं ३५ द्यावे, दुसऱ्या दिवशीं २०, आणि तिसऱ्या दिवसापासून पंचांचा निकाल लागेपर्यंत दोहोंच्या बरोबर मधला आंकडा, साडेसत्तावीस, असें ठरलें. व्यवहाराच्या दृष्टीनें पाहिलें तर एका-एका दिवसाची ही वाढ ती काय? पण तिच्यामुळें कोणासहि आपण हरलों असें म्हणावें लागलें नाहीं. पुढें पंच आनंदशंकर ध्रुव ह्यांनीं ३५ टक्केच दिले, आणि ते मालकांस घेतांहि आले.

ह्याच्या उलट टोंक पाहावयाचें तर मुंबईस जावें लागेल. १८ जानेवारी १९८२ रोजीं दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लक्ष गिरणीकामगारांनीं संप केला. त्याला कारणें पुष्कळ होतीं: बोनस, पगार, वर्षानुवर्षें बदली म्हणूनच राबविले जाणारे कामगार. पण एक कारण फारसें बोललें जात नाहीं. १९४६ च्या कायद्याप्रमाणें गिरणीकामगारांच्या वतीनें बोलण्याचा हक्क एकाच मान्य संघटनेला होता, आणि ती आपली आहे असें मोठ्या संख्येच्या कामगारांस वाटेनासें झालें होतें. म्हणजे तक्रार होती, पण ती ऐकून घेणारा कान नव्हता. तो संप रीतसर मागें घेतलाच गेला नाहीं. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि गिरणगांवांतलीं हजारों बिऱ्हाडें, त्यांत आपल्या कोंकणांतलीं व देशावरचीं किती तरी, उध्वस्त झालीं. दोष कोणाचा हा वाद आम्ही येथें काढीत नाहीं. दार बंद असलें कीं माणसें भिंत फोडतात, आणि मग घर कोणाचेंच राहत नाहीं, एवढें मात्र त्यावरून दिसतें.

दार उघडें ठेवण्याची सोय कायद्यानेंहि केलेली आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानें शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठीं उभय पक्षांच्या कार्यसमितीची योजना केली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आलेल्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणें वीस किंवा अधिक कामगार असतील तेथें तक्रार निवारण समिति नेमावी लागते. तिच्यांत दोन्ही बाजूंचे सभासद सारखे, एकूण दहाहून अधिक नाहींत, आणि काम तीस दिवसांत उरकावयाचें. समिति कागदावर असणें निराळें आणि तिच्यापाशीं जाण्याचें धैर्य शेवटच्या झाडूवाल्यास होणें निराळें. तें धैर्य त्याला कारभाऱ्याच्या रोजच्या वागणुकींतून येतें.

तेव्हां एखादा तंटा समोर आला तर काय क्रम धरावा, हें थोडक्यांत सांगतों. ऐकतांक्षणींच निकाल देऊं नये. पण 'उद्यां पाहूं' असें म्हणून टोलवूंहि नये. त्याच दिवशीं त्या जागीं जावें. दोन्ही बाजूंचें निरनिराळें ऐकावें, आणि ऐकलेलें त्यांनाच परत सांगून 'तुमचें म्हणणें हेंच ना?' असें विचारावें. निम्मे गैरसमज येथेंच गळून पडतात. मग तें काम स्वतः एक पाळी करून पाहावें, किंवा करतां येण्यासारखें नसेल तर करणाराच्या शेजारीं पाळीभर उभें राहावें. त्यानंतर दोघांस एकत्र बसवून फक्त दिसलेलें सांगावें. स्वभावाची चर्चा करूं नये. जें ठरेल तें दोन ओळींत लिहून दोघांस द्यावें. आणि सर्वांत विसरली जाणारी गोष्ट: पंधरा दिवसांनीं पुन्हा तेथें जाऊन पाहावें. मिटलेलें भांडण हें नुकत्याच जोडलेल्या भांड्यासारखें असतें. तापल्याशिवाय सांधा कळत नाहीं.

मारामारी, धमकी, स्त्रियांशीं गैरवर्तन, किंवा ज्यांत जीव जाण्याचा धोका आहे असा निष्काळजीपणा, ह्यांत मात्र तडजोडीला जागा नाहीं. तेथें मध्यस्थाची भूमिका घेणें म्हणजे बलवानाची बाजू घेणें होय. अशा वेळीं नियमाप्रमाणें चालावें, आणि विलंब लावूं नये.

शेवटीं एक शब्द घरच्या मंडळींस. कारखान्यांतल्या मुलास 'तूं साहेब ना, मग दटाव कीं' असा सल्ला देण्याचा मोह आपल्याला होतो. तो आवरावा. आणि हा लेख कारखानदारांसाठीं आहे, आपल्यासाठीं नाहीं, असेंहि कोणीं समजूं नये. प्रत्येक घरांत निदान एका माणसाची मजुरी आपणच ठरवितों. धुणींभांडीं करणाऱ्या बाई पगार वाढवून मागतात, घरांत तीन मतें होतात, आणि शेवटीं शेजारीं काय देतात ह्यावर निकाल लागतो. पुढल्या खेपेस तो निकाल लावण्यापूर्वीं घरांतील प्रत्येकानें, पुरुषमंडळींनींसुद्धां, एकेक दिवस तें सगळें काम त्याच वेळांत उरकून पाहावें. मग आंकडा ठरविण्यास शेजाऱ्यांची गरज पडणार नाहीं.